चष्म्यातली थरथर

शेडमध्ये त्यांना सगळे ‘वरच्या बाई’ म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच बरं होतं. जमिनीपासून चौदा मीटरवर, छताखालून रुळांवर धावणाऱ्या क्रेनला एक काचेची केबिन टांगलेली होती. तिच्यात बाई सव्वीस वर्षं बसत होत्या आणि खाली पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या इकडून उचलून तिकडे ठेवत होत्या. एकेक गुंडाळी, म्हणजे शेडच्या भाषेत कॉइल, बारा टनांची. ती बाई इतकी अलगद ठेवत की ट्रकमध्ये बसलेला ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारायचा, अजून किती वेळ? आणि खालची माणसं सांगायची, अहो, ठेवून झाली, निघा आता.

बाईंना स्वतःच्या कामाबद्दल शंका हा प्रकारच ठाऊक नव्हता. याला कुणी गर्व म्हणत असेल तर म्हणो, बाईंच्या तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. वय बावन्न, पण केबिनच्या सत्तर पायऱ्या त्या एका दमात चढत. वर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बूट काढायचे आणि पाय मोज्यांनिशी केबिनच्या पत्र्यावर टेकवायचे. सुरक्षा अधिकाऱ्याने यावरून त्यांना दोन नोटिसा दिल्या होत्या. बाईंनी त्या दोन्ही वाचल्या, सही केली आणि वर जाऊन बूट काढले.

ही खोड त्यांना लावली होती त्यांच्या उस्तादाने. हा म्हातारा ऑपरेटर आता हयात नाही. बाई शिकायला आल्या तेव्हा त्याने महिनाभर त्यांना क्रेन चालवायच्या दांड्यांना हात लावू दिला नाही. शेजारी बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, आता क्रेन काय करतेय? पुढे चाललीय की मागे? भार उचललाय की रिकामी आहे? उत्तर चुकलं की चहा बाईंच्या खिशातून. पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्याने फुकटचा इतका चहा ढोसला की त्याची झोप उडाली. महिन्याच्या शेवटी मात्र त्याला स्वतःच्या पैशाने प्यावा लागला. तेव्हा त्याने एकच नियम सांगितला, नेहमीपेक्षा वेगळी थरथर लागली की आधी हात मागे घे, कारण नंतर शोध.

नोकरीच्या सहाव्या वर्षी या नियमाने आपली किंमत वसूल केली. कॉइल वीतभर उचललेली असताना बाईंच्या टाचेला काहीतरी वेगळं लागलं आणि त्यांनी हात मागे घेतले. सुपरवायझर खालून ओरड ओरड ओरडला. बाई ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी फिटर वर चढला आणि बघतो तो काय, तारेच्या दोरखंडाचे तीन पेड तुटलेले. त्या दिवसापासून बाई थांबल्या की शेडमध्ये कुणी ‘का’ म्हणून विचारत नसे. सगळे मुकाट्याने बाजूला होऊन उभे राहत.

आता कंपनीने ठरवलं की केबिनी काढून टाकायच्या. ऑपरेटरांनी खाली एका खोलीत बसायचं, पडद्यावर बघायचं आणि तिथूनच क्रेन चालवायची. हे बाईंना पटलं नसतं तरी कंपनीने त्यांना विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर बाईंना ते अगदीच नापसंतही नव्हतं. गुडघे आपले स्वतःचे असले तरी त्यांनाही वय असतं. अडचण होती ती परीक्षेची. नव्या खोलीत बसण्याआधी प्रत्येकाने आभासी जगाच्या चष्म्यात परीक्षा द्यायची. डोळ्यांवर तो डबा चढवला की समोर अख्खी शेड उभी राहते, हातात दोन मुठी, आणि चाळीस मिनिटांत नऊ कॉइल हलवायच्या. वाटेत विनाकारण दोनदा थांबलं तर चालेल. तिसऱ्यांदा थांबलं की नापास. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर क्रेन सोडायची आणि गेटवरच्या खोलीत बसून ट्रकांच्या पावत्या फाडायच्या.

परीक्षेची खोली म्हणजे पूर्वीचं सुट्या भागांचं कोठार. शेडच्या टोकाला होतं. एका भिंतीला लागून जाडजूड पोलादी खांब वर गेला होता, आणि त्याच खांबावर दोन नंबरच्या क्रेनचा रूळ तोललेला होता. पाच चष्मे आले होते आणि ते सांभाळायला एक पस्तिशीचा तंत्रज्ञ. त्याचं नाव अर्थातच चष्मेवाला पडलं. माणूस कामसू होता. चष्मे तो इतक्या मायेने पुसायचा की बघणाऱ्याला वाटावं, घरी चष्म्याची बाळंच आहेत. परीक्षा घ्यायला मुख्य कचेरीतून एक मॅडम येत. कमी बोलत आणि बोललेलं लिहून ठेवत.

पहिल्या खेपेला बाई बसल्या त्या अगदी मजेत. चित्रातली शेड खऱ्या शेडपेक्षा स्वच्छ होती, यावर त्यांनी एक शेराही मारला. पहिल्या कॉइलला आकडा लावला, मूठ ओढली, उचलण्याच्या मोटरची घरघर कानात आली. आणि त्याबरोबर डाव्या गालाच्या हाडात काहीतरी गुणगुणायला लागलं. थेट दाढेपर्यंत. बाईंनी हात मागे घेतले. घरघर थांबली, गुणगुणही थांबली. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. बाई पुन्हा थांबल्या. त्यांचे हात सव्वीस वर्षं एकच गोष्ट शिकलेले होते आणि त्यांनी ती इमानेइतबारे केली. चाळीस मिनिटांत अकरा वेळा.

मॅडमनी कागदावर लिहिलं, अकरा थांबे, कारण नाही.

बाई म्हणाल्या की चष्मा थरथरतो. चष्मेवाल्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि सांगितलं की हे शक्यच नाही. मुठींमध्ये थरथरणारी मोटर असते, पण ती परीक्षेसाठी बंद केलेली आहे. चष्म्यात तर मोटरच नाही. हे ‘यात मोटरच नाही’ त्याने त्या दिवशी चार वेळा म्हटलं, दर वेळी आवाज थोडा अधिक समजुतीचा करत. शेवटच्या वेळी तर तो बाईंशी असं बोलला, जसं आपण बँकेच्या रांगेत गोंधळलेल्या आजोबांशी बोलतो. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मॅडम समोर होत्या.

पंधरा दिवसांनी दुसरी खेप. या वेळी बाईंनी ठरवलं होतं की थरथरीकडे लक्षच द्यायचं नाही. दात घट्ट आवळले. हीच चूक झाली. दात आवळल्यावर गुणगुण जबड्यातून कवटीत चढली, जणू दाढेत माशी अडकली आहे. नऊ थांबे.

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं बाई घाबरल्या. घाबरल्या हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांना हसू फुटलं, पण वय झालं हे ऐकून हसू आलं नाही.

दोन नंबरची क्रेन चालवणारा होता ‘रेडिओ’. दिवसभर त्याचं तोंड चालू असे, म्हणून रेडिओ. बाईंच्या हाताखाली शिकलेला, त्यांना ताई म्हणणारा आणि पहिल्याच खेपेला एकही थांबा न घेता पास झालेला. तो जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन बाईंशेजारी बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, थरथर मलाही लागली होती. आठवडाभर सरावाला बसलो ना रोज. दोन दिवस त्रास झाला, तिसऱ्या दिवशी मन मारलं. आता लागतच नाही."

बाईंनी विचारलं की हे मॅडमना का नाही सांगितलं. रेडिओ म्हणाला, पास झालेल्या माणसाने कशाला तोंड उघडायचं? जन्मात पहिल्यांदाच या माणसाने तोंड बंद ठेवलं होतं, आणि तेही नेमकं नको तिथे.

बाईंना मात्र आपल्याला जे लागतं ते खरं आहे याचा साक्षीदार मिळाला.

बाईंचा नवरा गाद्या-सीटांचं काम करत असे. सोफे, बसच्या सीटा, डॉक्टरांच्या दवाखान्यातली टेबलं, ज्याच्यावर म्हणून माणूस टेकतो ते सगळं त्याच्या दुकानात येई. संध्याकाळी चहा पिताना त्याने जरा भीत भीत सुचवलं की गेटवरच्या खोलीत पंखा आहे, सत्तर पायऱ्याही नाहीत, तेव्हा तसं बघितलं तर... बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं. मग बाई आपण होऊन बोलल्या. पावत्या फाडायला त्यांना कमीपणा वाटत नव्हता. पण अकरा आणि नऊ असे वीस थांबे कागदावर चढले होते आणि प्रत्येकापुढे ‘कारण नाही’ असं लिहिलं होतं. आपला हात खोटं बोलतो असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आता कागद म्हणत होता. याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. नवऱ्याने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि विचारलं, "क्रेन थरथरायला लागली की तू काय करतेस?"

"एकेक गोष्ट बंद करत जाते. जी बंद केल्यावर थरथर जाते, ती चोर."

"मग चष्म्याचं वेगळं काय आहे?"

दुसऱ्या दिवसापासून बाई जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाल्याच्या दारात हजर. तिसऱ्या परीक्षेला आठ दिवस होते. त्याने होकार दिला तो मुख्यतः यासाठी की बाईंना एकदाचं कळावं, यात मोटर नाही. बाईंनी मशिनवरच्या माणसांचे कानात घालायचे फोमचे बोळे आणले होते. ते त्यांनी दोन्ही कानांत घातले, वरून आवाज अडवणारे जाड कानझाकणही चढवलं, चष्मा लावला आणि डोळे मिटले. मग चष्मेवाल्याला सांगितलं की तू मनाला येईल तेव्हा आवाज चालू कर, मनाला येईल तेव्हा बंद कर, मी बोट वर करीन. ऐकू तर काहीच येत नव्हतं. तरी चष्मेवाल्याने आवाज सुरू केला की बाईंचं बोट वर, बंद केला की खाली. त्याने फसवायचा प्रयत्न केला, नुसतंच बटणाजवळ हात नेला, मध्येच पाच मिनिटं काहीच केलं नाही. वीसपैकी वीस वेळा बोट बरोबर.

चष्मेवाल्याने चष्मा बाईंकडून घेतला. मग त्याने स्वतः बोळे घातले आणि चष्मा लावला. एवढे दिवस तो चष्मे पुसत होता, तपासत होता, पण चित्र बघायचं आणि आवाज ऐकायचा एवढंच त्याने केलं होतं. अंगाला काय लागतं हे त्याने कधी तपासलंच नव्हतं. दोन मिनिटांनी त्याने चष्मा काढला, डावा गाल चोळला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, मोटर नाही. पण थरथर आहे."

बाईंनी एवढ्यावर त्याला माफ करून टाकलं, कारण पुढचं काम त्याच्याशिवाय होणार नव्हतं.

मग दोघांनी चोर शोधायला घेतला. चष्म्याचे स्पीकर डोक्याच्या पट्ट्याला जोडलेल्या दोन दांड्यांमध्ये होते. खालच्या पट्टीतला जाड आवाज आला, म्हणजे नेमकी मोटरची घरघर, की स्पीकर आपल्याबरोबर दांडीलाही हलवायचा. भोंग्यासारख्या बारीक आवाजाला दांडी हलत नव्हती. डावीकडे आणखी एक भानगड होती. वायर अडकवायची प्लास्टिकची एक क्लिप त्या दांडीवर सैल बसली होती आणि घरघर आली की तीही तडतडायला लागायची. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पट्टा. चित्र हलू नये म्हणून चष्मेवाला तो करकचून आवळायचा. त्यामुळे दांडीत जे काही चाललं असेल ते सरळ गालाच्या हाडात उतरायचं. चष्मेवाला हे कबूल करताना इतका ओशाळला की बाईंनाच त्याची दया आली.

क्लिप काढली, वायर पाठीमागून घेतली. तडतड गेली. जाड आवाज यंत्रातच कमी केला, एकंदर आवाज निम्म्याच्या खाली आणला. बरंचसं गेलं. पट्ट्यावरच्या स्पीकरांऐवजी कोठारातला साधा हेडफोन वेगळा लावला, म्हणजे दांडीला बोलायचं कामच उरलं नाही. तरी हेडफोन ज्याला टेकायचा तो घट्ट पट्टा होताच, आणि चेहऱ्यावर टेकणारी गादी चपटी होऊन कडक झाली होती. हा विषय नवऱ्याच्या खात्यातला. त्याने आधी एक कडक फोम दिला, त्यातून उरलेली चिमूटभर थरथर सगळीच्या सगळी गालात आली. मग एक मऊ दिला, त्यात चष्मा एवढा आत-बाहेर व्हायला लागला की समोरची शेड धुक्यात गेल्यासारखी दिसू लागली. तिसऱ्या दिवशी त्याने सायकलच्या सीटसाठी ठेवलेला मधला फोम कापून, वर धुता येईल असं कापड शिवून दिलं. वजन डोक्यावरच्या पट्ट्यावर टाकलं आणि मागचा पट्टा दोन घरं सैल केला. सहाव्या दिवशी बाईंनी चष्मा लावला, कॉइल उचलली आणि गाल गप्प राहिला. बाईंनी ती कॉइल तीनदा उचलून तीनदा ठेवली, नुसत्या आनंदासाठी.

चष्मेवाल्याने मॅडमना फोन करून विचारलं की असं केलेलं चालेल का. मॅडम म्हणाल्या, आवाज चालू हवा आणि धोक्याचा भोंगा ऐकू यायला हवा, बाकी गादी कसली लावता याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांनी हेही लिहून ठेवलं असणार.

त्या शांततेत बाईंना आणखी एक गोष्ट लागली होती. चष्मा डोळ्यांवर होता, बूट काढलेले होते, आणि टाचांना एक संथ घरंगळल्यासारखी थरथर आली आणि गेली. बाईंनी ती लगेच ओळखली. दोन नंबरची क्रेन खांबावरून पुढे गेली होती. चष्मेवाला आता पेटला होता, त्याने खुर्चीच्या चारही पायांखाली रबर घालायची तयारी केली. बाईंनी त्याला अडवलं. ही आपली आहे, ही राहू दे, असं म्हणाल्या.

तिसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. बाई आल्या, बूट काढले, चष्मा लावला आणि मॅडमनी घड्याळ सुरू केलं. पहिली कॉइल, दुसरी, तिसरी. चष्मेवाला श्वास रोखून पडद्याकडे बघत होता. बाई मात्र घरच्या ओट्यासमोर उभं राहावं तशा निवांत होत्या. सहा कॉइल जागेवर बसल्या, चोवीस मिनिटं झाली, थांबे शून्य. नियम असा होता की मध्येच चष्मा काढला तर ती खेप रद्द. मॅडमनी तो सुरुवातीलाच वाचून दाखवला होता.

सातवी कॉइल उचलली आणि बाईंच्या टाचेला काहीतरी लागलं.

गाल गप्प होता. दाढ गप्प होती. बाईंनी सहा दिवस खपून चष्म्यातली प्रत्येक थरथर हुडकून हाकलली होती, त्यामुळे आता जी आली ती चष्म्यातली नव्हती याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती खालून आली होती, खुर्चीच्या पायांतून. दोन नंबरचीच, पण नेहमीची नव्हे. नेहमीच्या घरंगळीत चाकाच्या दर फेऱ्याला एक ठेच लागत होती, चालणारा माणूस दर दहा पावलांनी अडखळावा तशी. क्रेन लांब गेली, ठेच पुसट झाली. परत आली, ठेच परत आली.

शून्य थांबे होते. तीन कॉइल उरल्या होत्या. गप्प बसून सोळा मिनिटं काढली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. बाईंना हे सगळं सुचलं, नाही असं नाही. पण तोवर हात मागे आले होते.

त्यांनी चित्रातली कॉइल आधी नीट खाली टेकवली, कारण अधांतरी भार सोडून उठायची त्यांना सवय नव्हती, मग तो भार नुसता रंगांचा का असेना. चष्मा काढला, मोज्यांनिशी खांबापाशी गेल्या आणि त्यावर तळवा ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "बाई, चष्मा काढलात. खेप रद्द होईल."

"होऊ दे. दोन नंबर थांबवा." मग चष्मेवाल्याकडे वळून त्या म्हणाल्या, "त्याला सांग, आधी भार खाली घे, मग थांब. घाई करू नको म्हणावं."

चष्मेवाल्याने मॅडमकडे बघितलंही नाही. सरळ वॉकीटॉकी उचलला.

फिटर वर चढले. अर्ध्या तासाने त्यांच्यातला मोठा खाली आला, तेव्हा त्याच्या हातात ग्रीसने माखलेले लोखंडाचे तुकडे होते. क्रेनच्या उजवीकडच्या चाकाचं बेअरिंग आतून फुटलं होतं आणि चाक रुळावर तिरकं चालत होतं. अजून किती फेऱ्या तगलं असतं, असं मॅडमनी विचारलं. तो म्हणाला, ते मला विचारू नका आणि त्याला तर मुळीच विचारू नका. त्याला म्हणजे रेडिओला. तो सत्तर पायऱ्या उतरून दारात उभा होता आणि शेडच्या इतिहासात पहिल्यांदाच काही बोलत नव्हता.

बाईंनी त्याला खुर्ची दिली. पाणी पिऊन झाल्यावर तो जे बोलला ते मॅडमसमोरच बोलला.

"मला परवापासून लागत होती, ताई. वाटलं, चष्म्याचीच अंगात राहिलीय."

एक माणूस थरथर लागली म्हणून नापास झाला होता आणि दुसरा ती मारून टाकली म्हणून पास झाला होता, हे आता सगळ्यांना दिसत होतं. सांगायची गरज उरली नव्हती. बाईंना त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी त्याच्यापुढे आणखी पाणी सरकवलं. हा पोरगेलासा बाप्या त्यांनीच शिकवला होता, डोळे मिटायला लावून, त्यांच्या उस्तादासारखाच, आणि याच्याकडूनही त्यांनी महिनाभर चहा उकळला होता.

मॅडमनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी त्या दिवसाची खेप रद्द केली आणि खाली लिहिलं की ती परीक्षार्थीच्या चुकीने रद्द झालेली नाही. आधीच्या दोन खेपाही सदोष चष्म्यावर झाल्यामुळे धरल्या जाणार नाहीत. हवं तर आत्ताच पुन्हा बसा, असंही त्या म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "दोन नंबरचं चाक बसू दे आधी. तोवर बसले तर पुन्हा थांबेन." मग रेडिओकडे बोट दाखवत त्यांनी पुढचं सांगितलं, "आणि जे पास झालेत त्यांनाही बसवा. या गादीवर, या पट्ट्यावर. याच्यापासून सुरुवात करा."

रेडिओने मान हलवली. मॅडम त्या संध्याकाळच्या गाडीने जाणार होत्या, त्यांनी मुक्काम वाढवला. नवऱ्याने दुकान लवकर बंद करून उरलेल्या चार चष्म्यांच्या गाद्या शिवायला घेतल्या आणि बाईंनी त्याला फोम धरून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवं चाक बसलं. बाई आल्या, बूट काढले आणि पस्तीस मिनिटांत नऊ कॉइल ठेवून मोकळ्या झाल्या. थांबे शून्य. मॅडमनी कागद सहीला पुढे केला तेव्हा बाईंनी तो शून्याचा आकडा नीट बघून घेतला, आणि मग त्यांना इतका आनंद झाला की सही थोडी वाकडी आली. चष्मेवाल्याने टाळ्या वाजवायला हात उचलले होते, मॅडमचा चेहरा बघून त्याने त्याच हातांनी चष्मा पुसायला घेतला.

मग रेडिओ बसला. बाई गेल्या नाहीत, भिंतीपाशी स्टूल घेऊन बसून राहिल्या. रेडिओनेही या वेळी बूट काढले होते. पाच कॉइल त्याने ठेवल्या. सहावी उचलली आणि एकाएकी त्याचे हात मागे आले. कॉइल अधांतरी लटकत राहिली. भिंतीपलीकडून दोन नंबरची क्रेन, आज बदली ऑपरेटरच्या हातात, नव्या चाकावर सुरळीत निघून गेली. काहीच झालेलं नव्हतं. रेडिओला तेही कळलं आणि चष्म्याखाली त्याचे कान लाल झाले.

"चुकलो," तो म्हणाला. "दोन नंबरचीच होती, नेहमीची. उगाच थांबलो."

मॅडमचं पेन कागदावर टेकलं होतं. थांबे एक, कारण नाही, असं त्या लिहीत होत्या. दोन चालत होते, त्यामुळे त्याने काही बिघडत नव्हतं. तरी बाई स्टुलावरून उठल्या, त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरोबर थांबलास. आता पुढची उचल."

त्याने उचलली. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर, कुणी न मागता, त्याने बाईंना चहा पाजला.